पॉलिमरची मणीमाळ: घरच्या संगणकावर वितळवून पाहण्याची कृती

पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर मऊ पडतं आणि आणखी तापवलं की मधासारखं वाहू लागतं. आत लांबच लांब साखळ्या एकमेकींतून वाट काढत सरकत असतात. ते सरकणं संगणकात उभं करायचं, त्यातून काही आकडे मोजायचे आणि ते आकडे खऱ्या पॉलिस्टायरीनच्या नॅनोमीटरशी जोडायचे, एवढी ही कृती आहे. चार-आठ कोअरचा लॅपटॉप पुरतो. शेवटी हीच साखळी गुणसूत्रासाठी वापरायची झाली तर काय बदलावं लागतं तेही पाहू. तिथे कृतीतली एक पायरी चक्क उलटी होते.

आधी प्रश्न, मग अणू

सगळे अणू घेऊनच सुरुवात करावी असा मोह होतो. हिशेब करून पाहा. कार्बन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन सुमारे ११ फेम्टोसेकंदांत पुरं होतं. ते नीट पकडायचं तर संगणकाचं घड्याळ एका पावलाला १ फेम्टोसेकंदच पुढे सरकवता येतं, हायड्रोजनचे बंध ताठ बांधून टाकले तर २. या वेगानं एक मायक्रोसेकंद गाठायला ५० कोटी पावलं लागतात. लांब साखळ्यांच्या वितळलेल्या पॉलिमरला आपला जुना आकार विसरायला मात्र मिलिसेकंद, सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे साखळी कशी वाहते हा प्रश्न अणूंना विचारायचाच नसतो. काच किंवा धातूच्या पृष्ठभागाला पॉलिमर कसा चिकटतो, हा प्रश्न मात्र अणूंनाच विचारावा लागतो.

म्हणून एका कागदावर दोन गोष्टी लिहा: काय मोजायचं आहे, आणि त्यासाठी काय टाकून दिलं तरी चालेल. आपल्या कामात बेंझिनची कडी, बंधांची कंपनं, विद्युतभार हे सगळं टाकून द्यायचं आहे. ठेवायच्या गोष्टी तीन: साखळी अखंड आहे, दोन तुकडे एकाच जागी मावत नाहीत, आणि साखळ्या एकमेकींना आरपार ओलांडू शकत नाहीत. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण गुंता तिच्यातूनच तयार होतो.

कुर्ट क्रेमर आणि गॅरी ग्रेस्ट यांचं १९९० सालचं मणी-स्प्रिंगचं मॉडेल नेमक्या या तीन गोष्टी राखतं. जाता जाता सांगायचं तर, तपशील गाळण्याची ही हिंमत रसायनशास्त्रात त्याआधीची आहे. मायकेल लेव्हिट आणि आरिए वॉर्शेल यांनी १९७५ मध्ये एका छोट्या प्रथिनाची घडी अशाच ढोबळ मण्यांनी घालून पाहिली होती. मार्टिन कार्प्लस यांच्यासह त्या दोघांना २०१३ चं नोबेल मिळालं ते अनेक पातळ्यांवरच्या मॉडेलांसाठीच.

साहित्य

लॅम्प्स हे अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत घडलेलं मुक्त सॉफ्टवेअर. उबुंटूवर ते एका आज्ञेत बसतं. विंडोजवाल्यांनी लिनक्सची उपप्रणाली चालू करून तिथे बसवावं, पुढची डोकेदुखी वाचते. त्यात ‘मॉलिक्यूल’ नावाचं पॅकेज आहे ना हे तपासा, नाहीतर बंधांची आज्ञाच ओळखली जाणार नाही. पाहण्यासाठी ओव्हिटो, मोजण्यासाठी पायथन. डिस्कवर पाच-दहा जीबी जागा मोकळी ठेवा.

एककं मीटर-सेकंदांत ठेवू नका. मण्याचा व्यास एक सिग्मा, ऊर्जेचं माप एक एप्सिलॉन, मण्याचं वस्तुमान १. या तिघांतून वेळेचं एकक टाऊ आपोआप निघतं. नॅनोमीटर अगदी शेवटी आणायचे.

माळ ओवणं

२०० साखळ्या, प्रत्येकीत ५० मणी, एकूण १०,००० मणी. घनता ०.८५ मणी प्रति घन सिग्मा ठेवायची आहे, म्हणून पेटीची बाजू २२.७४ सिग्मा. साखळी अंदाजे ९ सिग्मा लांबरुंद पसरते, तेव्हा ती पेटीच्या पलीकडून फिरून स्वतःलाच भेटण्याची भीती नाही.

प्रत्येक साखळीचा पहिला मणी पेटीत कुठेही टाका. पुढचा मणी ०.९७ सिग्मा अंतरावर, दिशा यदृच्छेनं. एकच अट पाळा: कोणताही मणी आपल्या मागच्याच्या मागच्यापासून १.०२ सिग्मापेक्षा जवळ आला तर ती दिशा रद्द करून दुसरी निवडा. बाकीच्या साखळ्यांवर मणी चढला तर चढू द्या. पायथनमध्ये हे तीसेक ओळींचं काम आहे. लॅम्प्सबरोबर येणाऱ्या टूल्समध्येही साखळ्या बनवणारा छोटा प्रोग्राम मिळतो. डेटा फाइलमध्ये ९,८०० बंध दिसायला हवेत, प्रत्येक साखळीचे ४९. हा आकडा जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

आता नियम. सर्व मण्यांमध्ये फक्त ढकलणारा लेनर्ड-जोन्स: १.१२२ सिग्मावर कापलेला आणि तिथे शून्यावर येईल असा वर सरकवलेला. शेजारच्या मण्यांमध्ये ‘फीन’ नावाची स्प्रिंग, ताठपणा ३०, कमाल लांबी १.५ सिग्मा. ही स्प्रिंग कमाल लांबीपाशी अनंत ताठ होते, त्यामुळे दोन बंधांना एकमेकांतून निसटायला फटच राहत नाही. साखळ्या ओलांडू शकत नाहीत त्या यामुळे.

लॅम्प्समधल्या फीन बंधात ढकलण्याचा भाग आधीच घातलेला असतो. म्हणून बांधलेल्या जोडीला सामान्य ढकलण्यातून वगळणारी ‘स्पेशल बाँड्स फीन’ ही ओळ लिहावीच लागते. ती राहिली तर लॅम्प्स एक इशारा छापतो आणि काम चालू ठेवतो, आणि नवखे लोक इशारे वाचत नाहीत. बंधाची सरासरी लांबी ०.९७ च्या बरीच वर गेली असेल तर पहिला संशय याच ओळीवर घ्या.

एकावर एक चढलेले मणी सोडवणं

सबंध कृतीत हात सांभाळायचा तो इथे. मणी एकमेकांवर बसलेले असताना थेट लेनर्ड-जोन्स चालू केला तर बळं इतकी प्रचंड होतात की पहिल्या काही पावलांतच बंध तुटून प्रोग्राम ‘बॅड फीन बाँड’ म्हणत थांबतो.

म्हणून आधी मऊ बळ लावा. लॅम्प्समध्ये ‘सॉफ्ट’ नावाची पेअर स्टाइल आहे: दोन मणी पूर्ण एकावर एक बसले तरी ऊर्जा मर्यादित राहते, आणि किती ढकलायचं हे एका गुणकाच्या हाती असतं. तो गुणक शून्यापासून ६० पर्यंत हळूहळू चढवत न्या, किमान ५०,००० पावलांत. या काळात प्रत्येक पावलाला मणी फार तर ०.०५ सिग्मा हलेल अशी मर्यादा घालणारी आज्ञा वापरा. शेवटी सगळ्यांत जवळची जोडी पाहा. ती ०.८ सिग्माच्या वर असेल तर खरा लेनर्ड-जोन्स चालू करायला हरकत नाही.

घाईचे परिणाम लगेच दिसत नाहीत. गुणक झटक्यात चढवला तरी तापमान ठीक येतं, ऊर्जा ठीक येते, चित्रही छान दिसतं. पण साखळ्या मधल्या अंतरांवर ताणल्या गेलेल्या असतात. साखळी लांब असेल तर ते ताण पुढे कोट्यवधी पावलं जात नाहीत. ५० मण्यांना ही चूक माफ आहे, ५०० मण्यांना नाही. सवय मात्र पहिल्यापासून हळू चढवण्याचीच लावा.

ऊब आणि घड्याळ

तापमान १, पावलाची लांबी ०.०१ टाऊ, घर्षण ०.५ प्रति टाऊ. मण्यांना सतत बारीक धक्के आणि थोडं घर्षण देऊन तापमान राखण्याची ही लँजेव्हँ पद्धत. लॅम्प्स घर्षण विचारत नाही, त्याचा व्यस्त वेळ विचारतो, म्हणून फाइलमध्ये २.० लिहायचं. ०.५ लिहिलंत तर घर्षण चौपट होईल, साखळ्या चिखलात रुतल्यासारख्या चालतील आणि विसरणाचे, म्हणजे साखळ्या किती वेगानं दूर सरकतात याचे, सगळे आकडे चुकतील. शिवाय लँजेव्हँची आज्ञा फक्त बळ लावते, मणी हलवत नाही. हलवण्यासाठी ‘एनव्हीई’ची ओळ वेगळी द्यावी लागते.

दाब सुमारे ५ दिसेल. त्यात काही गैर नाही. या मॉडेलमध्ये आकर्षणच नसल्यामुळे दाब नेहमी धन असतो, आणि मणी एकत्र राहतात ते पेटीचं आकारमान पक्कं ठेवल्यामुळे. ‘दाब शून्य हवा’ म्हणून पेटी मोकळी सोडलीत तर साखळ्या वायूसारख्या पसरून जातील. याचा दुसरा अर्थ असा की मोकळा पृष्ठभाग किंवा थंड होताना होणारं आकुंचन हे प्रश्न या मॉडेलला विचारता येत नाहीत. त्यासाठी आकर्षण घालून मॉडेल बदलावं लागतं.

आता २० लाख पावलांचा रन लावा, म्हणजे २०,००० टाऊ. ५० मण्यांच्या साखळीला आपली दिशा विसरायला तीन-चार हजार टाऊ लागतात, म्हणजे हा काळ त्याच्या पाच-सहा पट झाला. चार कोअरवर एवढं काम साधारण तासाभरात उरकतं.

समतोल आला का?

ऊर्जेची रेघ सपाट झाली की ‘समतोल आला’ असं मानण्याची पद्धत आहे. साखळ्यांच्या बाबतीत ती फसवी आहे. ऊर्जा ठरते शेजाऱ्यांवरून, आणि शेजारी क्षणात स्थिरावतात. साखळीचा एकूण आकार सर्वांत शेवटी स्थिरावतो.

म्हणून अंतर्गत अंतरांचा आलेख काढा. एकाच साखळीवर एकमेकांपासून ‘न’ बंध दूर असलेल्या मण्यांमधल्या अंतराच्या वर्गाची सरासरी काढायची, तिला ‘न’ने भागायचं, आणि ‘न’ वाढत जाईल तसा आकडा कसा बदलतो ते पाहायचं. रेघ सुरुवातीला चढते आणि हळूहळू सपाट होते. मध्येच उंचवटा आला तर मणी सोडवताना घाई झालेली आहे. दोन टोकांमधल्या अंतराचा वर्ग ८० च्या जवळपास यावा, आणि त्याचं साखळीच्या घेर-त्रिज्येच्या वर्गाशी गुणोत्तर ६ च्या आसपास. ही कसोटी मी सगळ्यांत वर ठेवतो. रंगीत चित्र तिच्यानंतर.

मोजणी

पुढचा २० लाख पावलांचा रन मोजणीसाठी. दर १,००० पावलांनी सर्व स्थानं लिहा. फाइल पाऊण-एक जीबीची होईल. स्थानं पेटीत परत न गुंडाळलेली लिहा. गुंडाळलेली लिहिलीत तर मणी भिंत ओलांडताच २२ सिग्मा मागे उडी मारतो आणि विस्थापनाचा आलेख निरर्थक होतो. लँजेव्हँच्या धक्क्यांनी सबंध पेटीचा गुरुत्वमध्यही हळूहळू वाहतो. तो आधी वजा करा.

साखळीच्या मधल्या मण्यांचं विस्थापन-वर्ग वेळेबरोबर कसं वाढतं ते लॉग-लॉग आलेखावर पाहा. मुक्त कणाचा उतार १ असतो. साखळीतल्या मण्याला शेजारी ओढत असतात, म्हणून मधल्या पट्ट्यात तो अर्ध्याजवळ येतो. आता २५, १०० आणि २०० मण्यांच्या साखळ्या घेऊन सगळं पुन्हा करा आणि साखळीचा विसरणांक गुणिले मण्यांची संख्या हा आकडा मांडा. छोट्या साखळ्यांत तो जवळपास सारखा राहतो, पुढे घसरू लागतो. ही घसरण म्हणजे गुंता. पिएर-जील द जेन यांनी १९७१ मध्ये सांगितलं होतं की गुंतलेली साखळी आडवी हलू शकत नाही, आपल्याच लांबीच्या वाटेनं सापासारखी सरकते. क्रेमर-ग्रेस्ट यांच्या संगणकीय साखळ्यांत त्या सरकण्याची सुरुवात स्पष्ट दिसली.

२०० मण्यांच्या रनला लॅपटॉप पुरा शनिवार-रविवार मागेल. त्यापुढे मोठी यंत्रं लागतात. विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक असाच एक पर्याय.

वरून खाली: सिग्मा म्हणजे किती नॅनोमीटर?

आता पॉलिस्टायरीन. साखळीची लवचीकता कून लांबीनं मोजतात: एवढ्या लांबीचा तुकडा सरळ काठीसारखा धरायचा आणि काठ्या एकमेकींना मोकळ्या सांध्यांनी जोडलेल्या समजायच्या. पॉलिस्टायरीनची कून लांबी १.८ नॅनोमीटर आणि एका काठीचं मोलर वस्तुमान सुमारे ७२० ग्रॅम. आपल्या मणीमाळेची कून लांबी १.८ सिग्मा. तेव्हा ‘सिग्मा म्हणजे एक नॅनोमीटर’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

तिथे थांबू नका. एक कून लांबी जुळवून भागत नाही. एका कून घनात किती काठ्या कोंबलेल्या आहेत हेही जुळायला हवं, कारण गुंता त्यावर ठरतो. वितळलेल्या पॉलिस्टायरीनची घनता ०.९७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर १.८ नॅनोमीटर बाजूच्या घनात सुमारे ४.७ काठ्या येतात. आपल्या माळेत २.७ च. म्हणजे आपली माळ पॉलिस्टायरीनपेक्षा फारच लवचीक आहे.

उपाय सोपा आहे: तीन लागोपाठच्या मण्यांमधल्या कोनाला थोडा ताठपणा द्यायचा. कून लांबी २.४ सिग्मा झाली की गर्दी ४.७ वर येते. ताठपणाचा गुणक एकच्या आसपास धरून सुरुवात करा आणि लांबी मोजूनच पक्का करा. मग सिग्मा म्हणजे १.८ भागिले २.४, ०.७५ नॅनोमीटर. एका काठीत अडीच मणी, म्हणजे एका मण्याचं वस्तुमान २९० ग्रॅम प्रति मोल, स्टायरीनचे पावणेतीनएक एकक. ५० मण्यांची साखळी १४,५०० ची झाली. पॉलिस्टायरीनमध्ये गुंत्याचं माप १७,००० च्या आसपास धरतात, तेव्हा ही साखळी उंबरठ्याच्या जरा अलीकडे आहे. हा आकडा आपण जुळवला नव्हता, तरी तो योग्य जागी पडतो, म्हणून त्याला किंमत आहे. ज्या मापाला मॉडेल जुळवलं तेच माप पुरावा म्हणून दाखवणारे आलेख पाहिले की मला पुढचं पान उलटावंसं वाटत नाही.

वेळेचा हिशेब मात्र असा जुळत नाही. सूत्रात आकडे घालून ५०० केल्विनला एक टाऊ ६ पिकोसेकंद येतो. त्यावर विश्वास ठेवू नका. टाकून दिलेल्या बेंझिनच्या कड्या एकमेकींत अडखळतात. ते अडखळणं मॉडेलमध्ये नाही, म्हणून खरं पॉलिस्टायरीन कितीतरी हळू चालतं, आणि किती हळू हे तापमानागणिक बदलतं. खरा टाऊ मिळवायचा एकच मार्ग: प्रयोगात किंवा अणूंच्या छोट्या सिम्युलेशनमध्ये मोजलेला विसरणांक घ्यायचा आणि आपला त्यावर बसवायचा, प्रत्येक तापमानाला वेगळा.

रासायनिक ओळख मण्यात राखायची असेल तर उलट्या दिशेनं जा. अणूंचं छोटं सिम्युलेशन करा, त्यातलं मण्यांच्या अंतरांचं वाटप मोजा, आणि मण्यांमधलं बळ फेऱ्याफेऱ्यांनी सुधारत न्या: अमुक अंतरावर जोड्या जास्त पडल्या तर तिथली ऊर्जा थोडी वाढवायची, कमी पडल्या तर उतरवायची. बोल्ट्झमन उलटवण्याची ही पद्धत ‘व्होट्का’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. मात्र ५०० केल्विनला काढलेलं बळ ४०० केल्विनला वापरू नका.

गुणसूत्रासाठी वापरायची झाली तर

आंजेलो रोझा आणि राल्फ एव्हरार्स यांनी २००८ मध्ये हीच माळ पेशीकेंद्रात नेली. मणी ३० नॅनोमीटरचा, त्यात डीएनएच्या सुमारे ३,००० बेस-जोड्या, आणि कोनांचा ताठपणा बराच जास्त. जिवंत पेशीत ३० नॅनोमीटरचा असा सलग धागा असतो का यावर वाद आहे, तो मनात ठेवूनच हे वाचावं.

पॉलिमरच्या कृतीत आपला सगळा खटाटोप सुरुवातीची रचना विसरायला लावण्याचा होता. मानवी गुणसूत्राएवढी लांब माळ गुंत्यातून सरकत समतोलाला यायला शेकडो वर्षं लागतील. पेशी तेवढी थांबत नाही. म्हणून इथे माळ यदृच्छेनं ओवायची नाही. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र जसं आखूड, घट्ट गुंडाळलेलं असतं तशीच सुरुवात द्यायची, आणि समतोलाची वाट न पाहता ते उलगडताना मोजायचं. प्रत्येक गुणसूत्र आपापल्या प्रदेशात राहतं ते या अर्धवट उलगडण्यातूनच. अंतर्गत अंतरांचा आलेख इथे सपाट आला तर समजा काहीतरी बिघडलंय.

प्रथिनांना ही माळ लावू नका. तिथे मण्यांचा क्रमच सगळं ठरवतो. त्यांच्यासाठी ग्रोनिंगनच्या सीवर्ट-यान मारिंक यांच्या गटाचं मार्टिनी बरं: साधारण चार जड अणूंचा एक मणी, पाण्याच्या चार रेणूंचा एक मणी, आणि पाऊल २० फेम्टोसेकंदांचं. अंड्याच्या पांढऱ्यातलं १२९ अमिनो आम्लांचं लायसोझाइम त्यात घालायचं तर घडी टिकवण्यासाठी ०.९ नॅनोमीटरच्या आतल्या मण्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगांचं जाळं वरून बांधतात. अशा रनमधून लायसोझाइम पेशीपडद्याला कुठे चिकटतं, दोन रेणू कसे जवळ येतात हे विचारा. घडी उलगडते का हे विचारू नका. ती तुम्हीच बांधून ठेवलेली आहे.

कोणत्याही पातळीवर, अहवालात आकडा लिहिण्याआधी यदृच्छेची बीजं बदलून निदान तीन स्वतंत्र रन करा, साखळ्या पुन्हा नव्यानं ओवून. फोल्डरमध्ये इनपुट फाइल, बीजं, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तो पहिला कागद, काय टाकून दिलं त्याचा, हे चारही एकत्र ठेवा.